मीटरमास्तरांचा उजेड

मीटरमास्तर शाळेतले मास्तर नव्हते. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच तुटला होता आणि त्याचं दुःख ना त्यांना झालं, ना शाळेला. ते जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचे. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा. डॅशबोर्डावर जे जे हलतं आणि उजळतं ते सगळं त्यांच्या हद्दीत. इंजिनाला त्यांनी जन्मात हात लावला नाही. ‘ते लोहारकाम,’ असं म्हणायचे. शेजारचा इंजिनवाला हे ऐकून म्हणायचा, “मास्तर, तुमचे काटे माझ्या लोहारकामाच्याच जिवावर नाचतात.” दोघांचं हे रोजचं होतं.

दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. एका बाजूला शटर, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरात उघडणारं दार आणि मध्ये एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा. ते दार कधी बंद नसायचं. बायको आतून भाजी चिरता चिरता बोलायची, मास्तर बाहेरून वायरींना डाग देता देता हुंकार भरायचे, आणि त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं असं एकमेकांचं तोंड न बघताच झालं होतं. भांडायचं असेल तरच ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची.

मास्तरांचं नाव झालं ते मात्र मीटरच्या उजेडामुळे. जुन्या गाड्यांचं हे एक दुखणंच असतं. दिवसा सगळं ठीक. अंधार पडला की मीटरमागचे ते शेंगदाण्याएवढे बल्ब असे मिणमिणतात, की काटा कुठे आहे ते अंदाजानेच ओळखायचं. मास्तर ते दुखणं बरं करायचे. त्यासाठी बायकोने दुहेरी कापडाचा काळा पडदा शिवून दिला होता. तो गाडीच्या पुढच्या भागावर टाकला, की भर दुपारी आत मिट्ट काळोख. मग मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन गप्प बसायचे. ‘डोळा बसू द्यावा लागतो,’ असं म्हणायचे. डोळा काळोखाला सरावला की बटण ओढायचं, बघायचं, बाहेर येऊन बल्ब बदलायचा, परत आत. त्यांच्या वस्तादांनी एकच गोष्ट शिकवली होती: काटा दिसला पाहिजे, दिवा दिसता कामा नये. उजेड मोजायचं यंत्र मिळतं असं एकाने सांगितलं, तर मास्तरांनी त्याला विचारलं, “गाडी यंत्र चालवणार आहे की माणूस?”

तोच डोळा गेला. एकदम नाही, चोरपावलांनी गेला.

आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. मग बाजूला ठेवलेला चहाचा कप दिसेना, कोपर लागून तो सांडायचा आणि बायको म्हणायची, “अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?” मास्तरही लक्षावरच ढकलून मोकळे व्हायचे. शेवटी एक दिवस, घड्याळ दुरुस्तीला टाकतो असं सांगून, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, अशा एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी नीट तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती टिकवायची तर थेंब चुकवू नका. अंधारात तुम्हाला आहे त्याहून कमी दिसणार, हे लक्षात ठेवा. घरी सांगून ठेवा.”

थेंब त्यांनी चुकवले नाहीत. बाटली बल्बच्या डब्यात ठेवली आणि शटरकडे तोंड करून, बायकोकडे पाठ करून, दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घातले. घरी मात्र सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? तर त्यांना वस्तादांचं स्टूल आठवायचं. नजर गेल्यावर वस्तादांना दुकानाच्या दाराशी एका स्टुलावर बसवून ठेवलं होतं. गिऱ्हाईक यायचं, त्यांना नमस्कार करायचं आणि त्यांच्या डोक्यावरून आतल्या माणसाशी बोलायचं. एकदा वस्ताद कितीतरी वेळ कुणाला तरी काटा कसा बसवायचा ते समजावत होते, आणि समोरचा माणूस केव्हाच उठून गेला होता. सगळे पोट धरून हसले. मास्तरही तेव्हा हसले होते, तरणेताठे होते. आता ते हसणं त्यांना आपल्याच पाठीमागे ऐकू यायचं. त्या स्टुलाची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि हे खरंच आहे, मी पदरचं काही घालत नाही.

अशात मेहुण्याची गाडी आली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलेलं, शाळेत सोडलेलं, त्याच्या मारामाऱ्या निस्तरलेल्या. गाडी त्यांच्या वडिलांची. लहानपणी मागच्या सीटवर तो तिच्या मांडीवर झोपायचा आणि त्याच्या तोंडातली लाळ तिच्या फ्रॉकवर सांडायची. हे ती अजून लोकांना सांगायची आणि पन्नाशीतला तो बाप्या अजून लाजायचा. शहराबाहेरच्या कागदाच्या कारखान्यात तो फोरमन होता. रोज त्याच गाडीने जायचा, त्याच गाडीने यायचा. थंडीचे दिवस सुरू झाले की परत येईपर्यंत रस्त्यावर अंधार व्हायचा.

“दाजी,” तो म्हणाला, “मीटर बघायला काडी पेटवायचीच काय ती बाकी राहिलीय. वेग किती ते मी आता वाऱ्याच्या आवाजावरून सांगतो.”

“मग पगार वाढवून माग,” मास्तर म्हणाले. “गाडी ठेवून जा. आणि तुझ्या ताईला भेटून जा, नाहीतर माझं जेवण बंद होईल.”

काम त्यांनी मन लावून केलं, यात शंका नाही. आख्खं पॅनल उतरवलं. मीटरच्या डब्यांना आतून जो पांढरा रंग असतो तो जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. तो खरवडून नवा पांढरा रंग दिला, म्हणजे बल्बचा उजेड आतल्या आत फिरून तबकडीवर येतो. होल्डरना गंज चढला होता, ते पॉलिश पेपरने घासले. अर्थिंगची वायर कुजली होती, ती नवी टाकली. बल्ब बदलले, पण होते तेवढ्याच ताकदीचे. यातलं बरंचसं काम बोटांनीच होत होतं आणि बोटं अजून शाबूत होती. गाडी घ्यायला मेहुणा आला तेव्हा मास्तरांनी पडदा टाकला, त्याला शेजारच्या सीटवर बसवलं आणि थोड्या वेळाने बटण ओढलं.

“वा दाजी!” मेहुणा ओरडला. “काय झकास झालंय! आकडा न् आकडा दिसतोय!”

मास्तरांना एक राखाडी डाग दिसला. त्या डागात कुठेतरी काटा असावा.

झालं होतं. काम तिथे संपलं होतं. शेजारी चांगल्या नजरेचा माणूस बसला होता, चालवणार तोच होता आणि तो खूश होता. मास्तरांनी फक्त ‘बरं’ म्हणून खाली उतरायचं होतं. पण आयुष्यभर उजेड कधी झाला हे त्यांनी ठरवलं होतं, गिऱ्हाइकाने नाही. आज दुसऱ्याच्या डोळ्यावर विसंबायचं, म्हणजे स्टुलावर एक पाय टेकल्यासारखंच होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांनी मनाची समजूत घातली, की याला काय कळतंय, हा आपला प्रत्येक गोष्टीला झकास म्हणणारा माणूस.

“अजून झालं नाही,” ते म्हणाले. “उद्या ने.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बल्बवरच्या, उजेड सौम्य करणाऱ्या हिरव्या टोप्या काढून फेकल्या आणि दुपटीहून जास्त ताकदीचे बल्ब घातले. पडद्याआड बसले. तरी काटा धूसरच. मग त्यांनी उजेड कमी-जास्त करायचा जो नॉब असतो, त्याच्याकडे मोर्चा वळवला. त्या जुन्या नॉबमध्ये थोडा करंट वाया जातो, हे खरं आहे. मास्तरांनी त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. नॉब जागच्या जागी राहिला, फिरतही होता, पण नुसता शोभेचा. आता त्या गाडीत मीटरचा उजेड एकच, पूर्ण. त्यांना काटा दिसला. कित्येक दिवसांनी दिसला, आणि पडद्याआड, एकटे असताना, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेहुण्याने संध्याकाळी बटण ओढलं आणि डोळे बारीक केले.

“दाजी, जरा जास्त होतोय का हो?”

“मास्तर मी की तू?”

“तुम्हीच. पण हा नॉब फिरवला तर—”

“नॉबचं नाव काढू नकोस. सगळा उजेड तोच खात होता. चार दिवस चालव, डोळा बसेल.”

मेहुणा हसला. “बरं. आता येताना मीटरपाशी पेपरही वाचून होईल,” म्हणाला आणि गेला. दाजींचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. बहिणीने लहानपणी त्याला पुष्कळ गोष्टी शिकवल्या होत्या, त्यांतली ही एक.

त्यानंतर मास्तरांकडून असाच उजेड करून नेलेला एक जीपवाला आपली जीप परत घेऊन आला. मीटर डोळ्यांवर येतात, समोरच्या काचेत सगळी तबकडी उमटते, रस्ता दिसत नाही, म्हणाला. मास्तरांनी त्याला फैलावर घेतलं. त्याचे आजोबा, त्याची जीप आणि त्याचा चष्मा, सगळ्यांचा उद्धार केला. जीपवाला पाय आपटत निघून गेला. आतून बायकोने विचारलं, “काय झालं हो?” मास्तर म्हणाले, “काही नाही, अर्धवट माणूस.” पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मेहुण्याची गाडी एकदा बोलावून घ्यावी, नॉबची वायर पूर्ववत करावी, असं मनात आलं. पण काय सांगून बोलावायचं? माझं चुकलं, म्हणून? रविवारी मेहुणा चहाला आला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “उजेड कसाय?”

“एकदम बेस्ट!” मेहुणा म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. मास्तरांना ते ऐकायचंच होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तो गेला. कारखान्याकडून येताना, वळण नाही, चढ नाही, अगदी सरळ रस्त्यावर एक दगडांचा ट्रक बंद पडून उभा होता. मागचा दिवा नाही, मागे ठेवलेली फांदी नाही, काही नाही. मेहुण्याची गाडी थेट त्याच्यात घुसली. ब्रेकच्या खुणा अगदी जवळ, ट्रकला लागून होत्या. फोन आला तेव्हा मास्तरांची बायको भांडी घासत होती. साबणाच्या हातानेच तिने फोन घेतला, ऐकला, आणि खाली बसली. ओरडली नाही. “माझं लेकरू,” एवढंच म्हणाली, आणि तेच म्हणत राहिली.

दोष कुणाचा, यात कुणालाच शंका नव्हती. पोलीस म्हणाले ट्रकवाल्याचा, कारखान्यातली माणसं म्हणाली ट्रकवाल्याचा, शेजारचा इंजिनवाला तर त्याला शोधून चोपायला निघाला होता. मास्तर मान हलवायचे. बायको आल्यागेल्याला सांगायची, “आमच्या ह्यांनी एवढा उजेड करून दिला होता हो त्याला. त्या मेल्याने साधा एक दिवा लावायला नको?” हे वाक्य ती बोलायला लागली, की मास्तर उठून शेडमध्ये जायचे आणि उगाच बल्बचे डबे इकडून तिकडे ठेवायचे.

पोलिसांचं सगळं आटोपल्यावर गाडी कुठे ठेवायची, असा प्रश्न आला. भावजयीला ती दारात नको होती. बायको म्हणाली, “आपल्या शेडमध्ये आणा. बाबांची गाडी आहे, अशी भंगारात नाही टाकायची.” दिवस मावळता मावळता क्रेनवाला ती घेऊन आला. बघवत नव्हती. ट्रकचा मागचा कठडा समोरच्या काचेतून आत शिरला होता; वरचं छप्पर सोलून निघालं होतं. पण त्याच्या खालचा डॅशबोर्ड होता तसा होता, आणि बॅटरी मागच्या सीटखाली असल्याने तीही वाचली होती. शेडमध्ये अंधार झाला होता. गाडी आत ढकलायच्या आधी एखादा तरी दिवा लागतोय का बघावं, म्हणून क्रेनवाल्याने आत वाकून बटण ओढलं.

“अरे बाप रे!” तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. “हे काय लावलंय! डोळे दिपले राव. असला उजेड तोंडावर घेऊन माणसाला रस्ता कसा दिसणार?”

बायको दारातून पुढे आली. क्रेनवाल्याने मीटरच्या कड्यात एका बाजूने खोचलेलं काहीतरी ओढून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“हे बघा. झाकून घेतलं होतं बिचाऱ्याने. पण एक बाजू सुटलेली दिसतेय.”

तो रुमाल होता, चौघडी घातलेला. तिनेच कडा दुमडून शिवून दिलेल्या रुमालांपैकी एक. ती बाजू धक्क्याने सुटली की त्याच्या आधी, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. क्रेनवाला गाडी आत ढकलून, शटर अर्धं ओढून गेला. बटण तसंच राहिलं.

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, “उजेड जास्त झाला होता का हो?”

मास्तर गाडीत चढले. फुटलेल्या काचा सीटवरून झटकल्या आणि बसले. त्यांना बघायचं होतं. एकदा तरी, मेहुण्याला रोज काय दिसत होतं ते बघायचं होतं. बरोबर त्याच जागी, त्याच सीटवर बसून त्यांनी समोर नजर लावली. त्यांना काही दिपलं नाही. समोर एक मंद, राखाडी उजेड होता, त्या दिवशी पडद्याआड दिसला त्यापेक्षाही मंद, आणि काटा पुन्हा दिसेनासा झाला होता. असल्या नजरेचा दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अजून थोडा वाढवा. मास्तरांना हुंदका आवरला नाही. पोरगं रोज डोळे बारीक करून घरी येत होतं आणि आपण त्याला डोळा बसेल म्हणून सांगत होतो, हे त्यांना आत्ता, इतक्या उशिरा, पूर्ण कळलं.

खाली उतरताना त्यांचा पाय चुकला. बायकोने धरलं आणि बाकड्यावर बसवलं.

“मला दिसत नाही गं,” ते म्हणाले.

“रडलात, म्हणून. थांबा, पाणी आणते.”

“तसं नाही. खरंच दिसत नाही. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी सांगितलंय, परत येणार नाही.”

ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. भाऊ गेल्यापासून तिला कुणाची काळजी करायला सवड मिळाली नव्हती, ती सगळी एकदम तिच्या चेहऱ्यावर आली. “आणि एकटेच घेऊन बसलात होय?” ती म्हणाली. “मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे? ते कप सांडायचे, चौकटीला धडकायचे... आणि मी मेली तुम्हाला बोलत बसायची.” ती त्यांचा हात कुरवाळत राहिली. मास्तरांना वाटलं, आता तिने गप्प राहावं. असंच बसून राहावं.

मग तिचा हात थांबला. मांडीवरच्या रुमालाकडे तिने पाहिलं आणि मग गाडीकडे.

“डॉक्टरांनी कधी सांगितलं?”

मास्तरांनी तोंड शटरकडे वळवलं.

“अहो, मी काय विचारते? धाकट्याची गाडी आपल्याकडे आली, त्याच्या आधी सांगितलं, की नंतर?”

‘नंतर’ म्हणायला काही लागत नव्हतं. बल्बच्या डब्यातल्या बाटलीचं तिला माहीत नव्हतं, डॉक्टरीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला होत्या. नंतर म्हटलं असतं, तर तो नशिबाचा खेळ झाला असता, दोघांनी मिळून रडायचा. तिने हात अजून सोडला नव्हता. ती वाट बघत होती आणि तिला कोणतं उत्तर हवं होतं, तेही त्यांना कळत होतं.

“आधी,” मास्तर म्हणाले.

मग तिने आपले हात एकेक करून काढून घेतले. रुमालाची घडी नीट घातली, पदरात धरली आणि उठून आत गेली. स्वयंपाकघराचं दार कधी लागलेलंच नसल्याने चटकन लागेना. तिने ते दोनदा ओढलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेर मीटरचे दिवे बॅटरी संपेपर्यंत जळत राहिले. ते चालू आहेत, हे बाकड्यावरून मास्तरांना दिसलं नाही.